मोहाखालची आग

नागपूर, १५ मार्च २०२५

ती. आत्यास, मिनलचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गावात फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहिते. मला ते टाकायला जाताना पाहून आमच्या पर्यावरण गटातली मुलं हसतात. हसू देत. मागच्या सभेत मोहाच्या झाडांखाली आग लावणार नाही असा पहिला शब्द तू दिलास, म्हणून बाकीच्या बाया तयार झाल्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवायचा आणि मग डोंगरच जळायचा, हे यंदा थांबेल असं वाटतंय.

तुझे गुडघे दुखतात, तेव्हा तू खराटा उचलायचा नाही. २३ तारखेच्या रविवारी आम्हीच येऊन तुझ्या चारही झाडांखाली झाडून देऊ. आमच्या उमरेडच्या गौरांगला तू म्हणालीस ना की तुले झाडता येत नाही गा, ते तो कॉलेजभर सांगत फिरतो.

लोभ आहेच, त्यात थोडं रागावणंही असू दे.

तुझी मिनल


ता. पारशिवनी, ५ एप्रिल २०२५

चि. मिनल हिस अ. उ. आ.

गौरांग गेल्याचं शेजारच्या बाबारावांनी सांगितलं. पाच दिवस भाजून दवाखान्यात होता, वाटत होतं वाचेल. आता जे लिहिते ते गावात कोणालाच माहीत नाही. आग मी लावली.

रविवारी तुमची वाट पाहिली. सोमवारी पाहिली, मंगळवारीही. फुलं पाल्यात सडून राहिली होती आणि माझ्याने वाकवत नव्हतं. बुधवारी सकाळी एकाच झाडाखाली पेटवलं. लग्न होऊन आले तेव्हापासून तेच करत आले, नजर ठेवली की विझतं असं वाटलं. वारा सुटला आणि आग डोंगराकडे गेली. तेवढ्यात गौरांग एकटाच बसमधून उतरून आला. त्या दिवशी तो काहून आला, मला अजून कळलं नाही. त्याला म्हटलं की थांब गा, गावाला हाक मारते. तो आग झोडपायला हिरवी फांदी तोडून वर धावला.

वनखात्याची माणसं विचारून गेली, त्यांनाही सांगितलं नाही. तू मला आता आत्या म्हणशील की नाही, ठाऊक नाही.

प्रयागबाई


नागपूर, १० एप्रिल २०२५

ती. आत्यास, मिनलचा शि. सा. न.

तुझा फार राग आला. पण तो राग सगळा तुझ्यावर काढता येत नाही.

त्या रविवारी इथे आमच्या गटाचा सत्कार होता. मीच म्हणाले की पाला कुठे पळून जातो, पुढच्या आठवड्यात जाऊ. खांद्यावर शाल घेऊन मी तुमच्या गावाचं कौतुक केलं. गौरांगला ते पटलं नव्हतं. आत्याबाई वाट पाहत असतील, असं तो म्हणत राहिला, आणि बुधवारी कॉलेज बुडवून पहिल्या बसने निघाला. तुझ्या झाडांखाली झाडायला आला होता तो.

त्याची आई येणाऱ्या प्रत्येकाला विचारते की आग कोणी लावली आणि माझा पोरगा तिथे काहून गेला. मी दोनदा जाऊन तिच्यासमोर बसले आणि चहा पिऊन परत आले. २० तारखेच्या रविवारी नागपूरच्या बसस्थानकावर ये, उमरेडची गाडी दोघी मिळून धरू. वनखात्यातही मी सोबत येईन. पण आधी तिच्या दारात जाऊ. तू बोललीस की मलाही बोलता येईल, एकटीला जमत नाही.

माया मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी भाची,
मिनल