जावईबापूंचं ताट

बोरी अरब, ता. ११ जून २००७

चि. सौ. मंजुषास, बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. येथे तुझी लीला आत्या व मी शरीराने ठीक आहोत, पण परवापासून माझ्या जिवाला थारा नाही. तू फोन करतेस, पण मला त्यात नुसती भुणभुण ऐकू येते, आणि लीला मला अर्धंच सांगते. म्हणून लिहितो. लपवाछपवी न करता उत्तर पाठव.

तुमच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला जेवू घालायचं म्हणून सगळी आळी बोलावली. लग्नात पियूषरावांनी पुरणपोळ्यांचा असा समाचार घेतला होता की रांधणाऱ्या बायका खूश होऊन गेल्या होत्या. आणि परवा? वरणभाताचे दोनतीन घास, तेही म्हाताऱ्या गाईसारखे चघळत. पाण्याचा गडूसुद्धा दूर सारला. मला वाटलं, मानपानात आमचंच काही चुकलं. लीलाने तर तोंडावरच विचारलं की जावाईबापू, आमच्या हातचं काहून गोड लागून नाही राह्यलं? चार लोक बघत होते. मग मीच उठलो, पुरणाचा अख्खा धोंडा तुपात बुडवला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिळला.

त्यानंतर जे झालं ते डोळ्यांपुढून हलत नाही. तोंडातून लाळ, छातीवर हात, परसात धाव. मी मागून गेलो, गडूभर पाणी पाजलं, ते आल्या पावली उलटून आलं. ओकताना सदरा वर झाला आणि मला पोटावर कातडीखाली सुपारीएवढी गाठ दिसली. आजूबाजूला टाके घातल्याच्या खुणा. तू मला बाजूला केलंस आणि तासाभरात गाडी करून त्यांना घेऊन गेलीस.

पोरी, ती गाठ कशाची आहे? आपल्या आळीतल्या फुलचंदला अशीच गाठ होती, तो पोळा पाहू शकला नाही. जे असेल ते मला कळू दे. जावईबापूंना माझा आशीर्वाद सांग, आणि म्हाताऱ्यावर माया असेल तर उलट टपाली लिही.

तुझा, बाबा

*

नागपूर, ता. १६ जून २००७

ती. बाबांस, मंजुषाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पियूष बरे आहेत, आधी हे वाचा आणि मग पाणी पिऊन पुढचं वाचा.

ती गाठ रोगाची नाही. फेब्रुवारीत त्यांचं ऑपरेशन झालं. वजन फार वाढलं होतं आणि साखर औषधांनी आवरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर चाळिशीच्या आत डोळे किंवा पाय जातील. म्हणून जठराच्या वरच्या भागाला एक मऊ पट्टा बांधला आहे. त्याच्या वर लहानशी थैली उरते. तेवढी भरली की पोट भरलं. पट्टा आवळायचा किंवा सैल करायचा तर सुईने त्यात पाणी भरतात किंवा काढतात. ती सुई जिथून टोचतात, ती तुम्ही पाहिलेली गाठ.

आता त्यांना छोटा घास घेऊन त्याचं पाणी होईपर्यंत चावावं लागतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही बराच वेळ नाही. सोडा, लेमन वगैरे तर बंदच. कणकेचा गोळा अडकतो. तुमचा धोंडा पट्ट्यापाशी बसला आणि वरून तुम्ही पाणी ओतलं. त्याला जायला वाट कुठे होती? आम्ही थेट दवाखान्यात गेलो. पट्टा सैल केल्यावर त्यांना स्वतःची थुंकी गिळता आली. उशीर झाला असता तर पट्टा जागचा सरकला असता, मग पुन्हा पोट उघडणं आलं.

पियूष म्हणत होते, बाबांना सांगून टाक. मीच नको म्हटलं. तुम्ही ऑपरेशन होऊ दिलं नसतं. चूक माझी आहे. पण त्या दिवसापासून ते कुणाच्याही घरी जेवायला घाबरतात. दिवाळीला येण्याचं मी आत्ता कबूल करत नाही. रागावू नका. आत्याला नमस्कार, आणि आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.

आपली, मंजुषा

*

बोरी अरब, ता. २१ जून २००७

चि. सौ. मंजुषास, आशीर्वाद. वि. वि. पत्र पाहिलं. एकदा स्वतः वाचलं. दुसऱ्यांदा लीलाकडून वाचून घेतलं, वाटलं मी सातवीतून शाळा सोडलेला, काही भलतंच वाचलं असेन. तेच निघालं.

उभ्या पिकात डवरणी करताना बैलाने पीक खाऊ नये म्हणून आपण त्याला मुसकं बांधतो, पण काम झालं की सोडतो. इथे जित्या माणसाच्या पोटात मुसकं, आणि तेही त्याने आपण होऊन बांधून घेतलेलं! बाई, यंदा कापसाने सगळ्यांची दैना केली आहे, आपल्या आळीत कितीतरी घरांत चूल एकदाच पेटते, आणि तिकडे शिकलेला, पगारदार माणूस घास लहान करून मागायला डॉक्टराकडे जातो. कोणत्या जगात आलो मी? लीला म्हणते, लोकाईले काय सांगू? मी म्हटलं, गप बस.

मग रागाची भीती झाली. माझ्या हाताने मी पोरीचं कुंकू पुसत होतो. रात्री ताट समोर आलं की पियूषरावांनी माझ्याकडे पाहिलेलं आठवतं.

तू लिहितेस घट्ट अडकतं. म्हणजे पातळ जातं, एवढं मला कळतं. मुख्तार दर आठवड्याला टेम्पो घेऊन नागपूरला येतो, त्याच्यासोबत आमरसाचा डबा देतो आहे. चांगला आटवला आहे, साखर हात सैल सोडून घातली आहे. भूक लागली की पेलाभर घेत जा म्हणावं. आंबे संपले की बासुंदी पाठवीन. तेवढंच माझं प्रायश्चित्त. राग धरू नका.

तुझा, बाबा

*

नागपूर, ता. ३० ऑगस्ट २००७

ती. बाबांस, सा. न. वि. वि. रागात लिहिते आहे, क्षमा असावी.

तुमचा पहिला डबा आला तेव्हाच मी मुख्तारकाकांना सांगितलं होतं की गोड पुन्हा आणू नका. काल पियूषना डॉक्टरांकडे नेलं. वजन उतरायचं थांबून उलट चढलं आहे आणि साखर ऑपरेशनच्या आधी होती तिथे पोचली. डॉक्टर मला विचारतात, घरी काय देता? मी म्हटलं, पोळीसुद्धा मोजून देते. मग मुख्तारकाकांना गाठलं. ते मान खाली घालून म्हणाले की बेटा, डबा तर दर हप्त्याला देतो, पण घरी नाही, साहेबांच्या बँकेत.

बाबा, तो पट्टा भाकरी अडवतो, बासुंदी नाही. ती त्याच्यातून सरळ खाली उतरते आणि पोट भरल्याचं कळतसुद्धा नाही. तुम्ही माझ्या पाठीमागे हे केलंत? धोंडा अज्ञानाने झाला असं मी मनाला समजावलं होतं. याला काय म्हणू? डोळे गेले तर तुम्ही देणार आहात का?

आता काही पाठवू नका. आत्याला नमस्कार.

आपली, मंजुषा

*

नागपूर, ता. २ सप्टेंबर २००७

ती. मामाजींस, पियूषचा सा. नमस्कार. वि. वि. मंजुषाने तुम्हाला लिहिलेलं मला कळलं. ते निम्मंच खरं आहे. डबे बँकेत आणा असं मुख्तारभाईंना मीच सांगितलं. मामाजी खुशीने देतात, एवढंच ते समजले, आणि मंजुषाचा निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. तुम्हाला तर वाटत असणार की डबे घरीच पोचतात. तिला मी हे काल सांगितलं. ती रडली आणि अजून बोलत नाही.

पोटाला पट्टा बांधला, पण जिभेला कोण बांधणार? घरी प्रत्येक घासावर नजर असते. दुपारी दार लावून बासुंदी पिताना कुणी बघत नव्हतं, आणि ती घशात अडकतही नव्हती. मला ठाऊक होतं की हे विष आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून दोष माझा.

पुढच्या महिन्यात कामासाठी दारव्ह्याला यायचं आहे. बोरी वाटेत आहे, पण पाऊल उचलत नाही. मला अन्नाची भीती वाटत नाही मामाजी. डाव घेऊन कुणीतरी डोक्याशी उभं राहतं आणि मला नाही म्हणता येत नाही, त्याची वाटते. हे तुमच्यापाशीच ठेवा, आणि मला आपलं माना.

आपला, पियूष

*

बोरी अरब, ता. २० ऑक्टोबर २००७

चि. सौ. मंजुषास, बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. अक्षर वाकडं आलं आहे, कारण खाली लिहितो. तू बोलत नाहीस तरी लिहितो, कारण पियूषराव परवा येऊन गेले आणि ते तुला सगळं सांगणार नाहीत.

मीच त्यांना या म्हणून कळवलं होतं. अष्टमीचं जेवण होतं, पंगतीला माणसं होती. त्यांच्या ताटात मी स्वतः वाढलं. मऊ भात, त्यावर दाटसर वरण, भाकरीचा पापुद्रा, बस. पाण्याचा गडू ठेवलाच नाही. पाहून माझंच मन खट्टू झालं, की हे जावयाचं ताट की आजाऱ्याचं? पण ताट तसंच पुढे सरकवलं.

ते चावत होते. बाकीच्यांचं अर्धं जेवण झालं तरी त्यांचा दुसरा घास चालूच होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, जावाई अजून रुसूनच राह्यले वाटते. झालं, लीला कढीचं भांडं घेऊन आलीच. म्हणाली, कढीले काय चावा लागते, कढी तर पाणीच आहे. पियूषरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, पोरी, जूनमध्ये पाहिलं होतं तसं.

मी काही विचार केला नाही. त्यांच्या ताटावर माझा हात आडवा धरला. लीलाचा डाव कलंडलेलाच होता. उकळती कढी माझ्या पंजावर. लीला किंचाळली, मी हात काढला नाही. सगळी पंगत थांबली. मी सांगितलं, माझ्या जावयाच्या पोटाचं ऑपरेशन झालं आहे, ते जेवढं जेवतात तेवढंच त्यांचं जेवण, आणि यापुढे या घरात त्यांना कुणी आग्रह केला तर त्याने आधी मला वाढावं. मग जोरात हेही सांगितलं की धोंड्याच्या दिवशी दोष माझा होता. लोकांनी माना खाली घालून जेवण पुरं केलं. आता गावभर होईल. होऊ दे.

पियूषरावांनी सावकाश जेवण संपवलं. मी शेजारी बसून राहिलो, हात पाण्यात बुडवून. ताटात भाकर उरली. माझ्या बापाच्या काळापासून या घरातून पाहुणा अन्न टाकून उठला नव्हता. माझ्या जिभेवर आग्रहाचा शब्द आला होता, खोटं कशाला सांगू. तो मी गिळला. गिळणं किती जड असतं ते मला तेव्हा कळलं.

हाताला फोड आले आहेत, लीला रडत रडत लोणी लावते आणि मीच तिला समजावतो. काळजी करू नको. निघताना पियूषराव पाया पडले आणि म्हणाले की दिवाळीला मंजुषाला घेऊन येतो. मी म्हटलं, या, आणि जे खाल ते तुमच्या मर्जीचं. त्यांच्याशी बोलायला लाग आता. माझ्याशी उशिरा बोललीस तरी चालेल.

तुझा, बाबा