वाचनाचा महिना

१२ मे ९७, सोमवार
आज परत समिती. पाच जण, अडीच तास, दोनदा चहा, कचोऱ्या. निघालं काय? चौथीच्या शिक्षकांच्या वार्षिक नियोजनाचं कव्हर पोपटी की पिवळं. तेही ठरलं नाही. मी चहा देतो आणि सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवतो. नखातली शाई निघत नाही म्हणून रानडे सर माझ्या हातून कप घेत नाहीत. "ठेव, ठेव टेबलावर." रिटायर शाळा-इन्स्पेक्टर. बायकोशी पण फळ्यासमोर उभं राहून बोलत असतील.

१५ मे
बा कामाला आला होता नाशकात. द्वारकेच्या चौकात भेटला, उभ्या उभ्या. माझी बहीण जनी चौथीत चालली. अजून वाचता येत नाही. अक्षर दाखवलं की हसते म्हणे. पाड्यावरची शाळा चौथीलाच संपते. बा म्हणाला, "दिवाळीपत्तोर वाचाय आलं तर धाडीन पुढं आश्रमशाळंत. नाय तर द्राक्षाला. हात बारीक हाय तिचा, घडात जातो."
कौतुकाने सांगत होता.

१९ मे
नियोजन आलं टाइप होऊन. स्टेन्सिल लावायच्या आधी वाचलं. समितीतल्या कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. जुलै ते ऑक्टोबर : गाणी, चित्रं, परिसर भेट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी : वाचन. सगळं वाचन. का, तर रानडे सर म्हणतात, "हिवाळ्यात मुलांचं चित्त स्थिर असतं."
चित्त! भाऊबीज झाली की आमच्या नाक्यावर पिंपळगावचे टेम्पो लागतात. पोरांसकट सगळे आत. पाड्यावर उरतात म्हातारे, कोंबड्या आणि गुरुजी. शिमग्याला परत. तोवर चित्त पिंपळगावात द्राक्षाचे घड औषधात बुडवत असतं सर, लय स्थिर असतं. मी आश्रमशाळेत सातवीला असताना असाच टेम्पोत चढलो. शाळेचं दप्तर अजून तिथंच असेल.

२१ मे
मॅडमना सांगितलं. म्हणजे संस्थेच्या मोठ्या मॅडम. "अरे काशिनाथ, हे किती महत्त्वाचं आहे! लिहून दे ना." मग टायपिस्ट बाईंकडे वळून, "हा खरा तळागाळातला आवाज." मी तिथंच उभा. आवाजाच्या हातात ट्रे.
लिहिलं. खराब कागदाच्या पाठीवर पाऊण पान. दोनदा लिहिलं.

२३ मे
कागद परत आला. रानडेंनी लाल पेनने तपासलाय. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार. खाली शेरा : विचार चांगला. शुद्धलेखन सुधारावे. सही, तारीख.
महिन्यांबद्दल एक शब्द नाही.
"रोज एक पान काढत जा," म्हणाले. आणि कप टेबलावर.

२ जून
केलं.
ऑफिसात कोणी नव्हतं, सगळे त्र्यंबकला, कोणाची तरी पूजा. आठ महिन्यांच्या आठ स्टेन्सिल. वरच्या महिन्याच्या नावावर फ्लुइड लावलं, फुंकून वाळवलं, खिळ्यासारखा तो पेन असतो त्याने नवं नाव कोरलं. नोव्हेंबरचा जुलै केला, जुलैचा नोव्हेंबर. डिसेंबरचा ऑगस्ट. असे चार इकडे, चार तिकडे. पानांचे आकडे पण. मग सगळ्या प्रती काढल्या. हँडल मारताना शिट्टी वाजवत होतो.
'परिसर भेट : भाताची लावणी पाहणे' आता नोव्हेंबरात गेलं. जा बघा.
कव्हर पिवळं.

१६ जून, सोमवार
शिक्षकांचं प्रशिक्षण. धाकधूक होती. उगाच. रानडे सर पिवळं पुस्तक हातात धरून तासभर बोलले. "जुलैपासून वाचन. कारण पावसाळ्यात मूल घरात असतं, चित्त स्थिर असतं." स्वतःचंच पुस्तक उलटं झालंय, पत्ता नाही! मान हलवणारे पन्नास गुरुजी. मला हसू दाबता येईना, मोरीत जाऊन आलो.

जेवताना आमच्या पाड्याचे भोये गुरुजी दिसले. "काय रे काशा, तू हितं?" वाढता वाढता थांबलो. ते पुस्तक चाळत होते.
"जुलैत वाचन? कोन्या येड्यानं लिवलं हे?"
"का?"
"आरं जुलैत आवणी अस्ते ना! मी माझ्या खाचरात, पोरं त्यांच्या. शाळंत कोन, बेडूक? पाड्याचा मानूस असता त असं नस्तं लिवलं."
डाव भातात तसाच राहिला.

१७ जून
आवणी विसरलो. मी.
भाताची रोपं उपटून परत लावायची, गुडघाभर चिखल, घरातलं शेंबडं पोर पण त्यात. जो लावत नाही तो धाकटं सांभाळतो. पाच वर्षं जुलैत नाशकाच्या फरशीवर उभा आहे, म्हणून जुलै म्हणजे मला कॅलेंडरचं पान. मीच रानडे झालो. फक्त कप टेबलावर ठेव म्हणायचं बाकी आहे.
आवणी ऑगस्टात संपते. मग दिवाळीपत्तोर काय ते. त्यात गणपती, त्यात कापणी. मोजलं तर

१८ जुलै, शुक्रवार
सापडलो. मॅडम अहवालासाठी मूळ कच्ची प्रत काढून बसल्या, महिने जुळेनात. कोरलेलं अक्षर कोणाचं? रानडेंनी ओळखलं. ड्रॉवरमधून एक कागद काढला. माझ्याच पाऊण पानाची झेरॉक्स, लाल खुणांसकट. ठेवली होती! "याचा नोव्हेंबर बघा, आणि हा नोव्हेंबर बघा."
मॅडम : "काशिनाथ, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." 'तळागाळातला आवाज' आता नुसता 'तुझ्याकडून' झाला.
सोमवारी अकराला समितीपुढे माफी लिहून द्यायची. आलो नाही तर काम गेलं समजायचं. रानडे म्हणाले, "लिहिताना शुद्ध लिही."
कोणी विचारलं नाही, का केलंस.

१९ जुलै
सुरगाण्याची गाडी, मग पायी. पिशवीत पिवळं पुस्तक. शाळेला कुलूप. भोये गुरुजी खाचरातून ओरडले, "काय साहेब, तपासनीला आलं का?" वाकलेली अख्खी रांग हसली, आई पण.
जनी बांधावर, पाठीला धाकटा. पायाला शेवाळ. मला बघून, "खाऊ नाय आनला? पुस्तक आनलं? ह्याला कोन खाईल?"

२० जुलै, रविवार
सकाळपासून बांधावर. पुस्तकात जुलैचं पहिलं वाक्य (खरं नोव्हेंबरचं) : मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षरांपासून सुरुवात करावी. लिहिलंय रानडेंनीच. केलं तसं. चिखलात काडीने ज, मग नी. जनी हसली. मी रागावलो तर आणखी. मग धाकट्याने त्यावर पाय दिला तशी त्याला धपाटा घालून स्वतःच परत काढलं. ज बरोबर. नी उलटा.
वाक्य चालतं म्हातारड्याचं. सांगणार नाही त्याला.

गाडी तीनची. नाल्यापलीकडे येते, हॉर्न देते, थोडी थांबते. आता हॉर्न झाला. उद्या अकराच्या माफीचा कागद कोराच आहे खिशात. जनीला 'बा' पाहिजे, बाला दाखवायला. ब तिला जमेना, पोट फुटतं त्याचं.
"दादा, गाडी गेली का तुझी?"
"काढ तू. दुसरी असते."
दुसरी नसते.