निवांत उंदरांना दिलेला आशीर्वाद

सासारी, २२ जानेवारी

आदरणीय मदर सुपीरियर बात्तिस्तीना यांस,

(पाकिटावर हा मान पुरे. आत तू माझी तीनाच. एका बाकावर बसून छड्या खाल्लेल्या मुलीला 'आपण' म्हणवत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मठातल्या भगिनी खुशाल असतील. माझी प्रकृती ठीक आहे, मन मात्र मुळीच ठीक नाही.

एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळते, हे तू जाणतेस. भीतीने रक्तातली साखर कशी चढते, ते यंदा आमच्या डॉक्टर ओर्नेल्लाबाईंना बघायचं होतं. जीव घाबरला की अंगात ॲड्रेनलिन सुटतं. ते स्वादुपिंडातल्या पेशींना दटावतं, मग साखर उतरवणारं इन्सुलिन अडतं आणि चढवणारं ग्लुकागॉन सुटतं. (गणिताच्या तासाला सिस्टर पिया दारात दिसल्या की आपल्या पोटात जे व्हायचं, ते हेच असणार. आपण बिचाऱ्या त्याला पाप समजून कबुली द्यायचो.) तुलनेसाठी चोवीस उंदीर निवांत ठेवायचे होते. ते काम माझं. दोन महिने मी अनवाणी वावरले, शिंकासुद्धा गिळल्या.

मग सतरा तारखेला जनावरांच्या रक्षणकर्त्या संत अंतोनियोंचा सण आला. आमच्या भागातली गाढवं, मेंढ्या, कुत्री आशीर्वादासाठी चर्चसमोर उभी, आणि माझीच लेकरं तेवढी वगळायची? पिंजरे चौकात नेता येईनात, म्हणून फादर एफिसियोंनाच आत आणलं. त्यांना गाढवाच्या मापाने पवित्र पाणी शिंपडायची सवय, त्यात हातात घंटा. प्रत्येक पिंजऱ्यात कोपऱ्यात थरथरता ढीग झाला. तासाभराने डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"बोनारियामावशी, निवांतांची साखर घाबरलेल्यांच्याही वर! यांना लांडगा दाखवलात की काय?"

"लांडगा कशाला, बाई? फादर आले होते."

"आशीर्वाद द्यायला की बुडवायला?"

त्या हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. त्यांचं वर्ष वाया गेलं. बिघडलेले उंदीर ठेवत नाहीत. शुक्रवारी चोवीसही जणांना मारणार आहेत. माझ्या श्रद्धेला घाबरले, एवढीच त्यांची चूक.

तुझी,
बोनारिया

ता. क. मठामागचं कोंबड्यांचं खुराडं रिकामं आहे ना? चोवीस जणांना पुरेल. "मला काही माहीत नाही हं, मावशी," असं म्हणून डॉक्टर पिंजऱ्यांची किल्ली टेबलावर विसरून गेल्यात.

आणखी ता. क. उत्तर पाठवू नकोस, ते पोचायच्या आत गुरुवारच्या बसने मी त्यांना घेऊन निघालेली असेन. परतीचं तिकीट काढलेलं नाही. वरच्या साहेबांनी मलाही कामावरून काढलं. खाट कुठेही टाक, तीना. फक्त दार हळू उघड. आम्ही पंचवीसही जण अजून घाबरलेले आहोत.