आंबट कोबीच्या बरणीतली बिअर

२८ नोव्हेंबर
सगळ्यात आधी टपकली ती अफ्रा. तिचं घर कुंपणापलीकडे, नाक कायम अलीकडे. ओव्हनमधून केक निघायच्या आत ही दारात. तिच्यामागून माझी लेनी, लाजत, बोटात अंगठी! क्विरीननं लग्नाचं विचारलं म्हणे. पिठाच्या हातांनीच मी तिचे गाल धरले. आईबापांमागे मी एकटीनं वाढवलेली नात, आज नवरीसारखी दिसली. केक करपला. करपू दे.

तर अफ्रा म्हणते, "क्विरीन म्हणजे कोंबडा छाप बिअर बनवणाऱ्या एमेरामचा ना? मग बुर्गी, त्या माणसाला तू पाजणार काय? दूध?"

मला झोंबलं. म्हटलं, "घरची. माझ्या हातची गव्हाची बिअर."

लेनीनं मिठीच मारली. आता बनवायला हवी. पाव फुगवते, कोबी आंबवते, बिअर काय आभाळातून पडते?

५ डिसेंबर
व्याही सहा जानेवारीला येणार, तीन राजांच्या सणाला, सकाळच्या पांढऱ्या सॉसेजला. बेत पक्का. निम्मा गहू, निम्मा जव, मोड आणून वाळवलेले. गिरणीवाल्यानं भरडून दिले, वर डोळा मारला. मेला. कडू हॉप्सची फुलं मूठभर. यीस्ट विकत आणायचं नाही, गव्हाच्या बिअरच्या तळाशी गाळ असतो तोच जिवंत असतो. म्हणून तीन बाटल्या आणल्या. गाळ ठेवला. वरची बिअर फेकणार कुठे? प्यायले. आज फार काम झालं.

६ डिसेंबर
झाली! धान्य गरम पाण्यात मुरवलं, गाळलं, हॉप्स घालून उकळलं, निवल्यावर गाळ घातला. आधी पवित्र पाणी शिंपडलं, माझी आई पावावरसुद्धा शिंपडायची. मग सगळं आईच्या चिनी मातीच्या बरणीत ओतलं. लेनी म्हणाली, "आजी, त्यात जन्मभर आंबट कोबी घातलाय तू. नवी बादली आणू?" म्हटलं, "बादलीला काय कळतंय आंबवण्यातलं? ही बरणी शिकलेली आहे, माझ्यापेक्षा जास्त."

८ डिसेंबर
फेस आला. ठरवलं, आता झाकण उघडायचं नाही.

जेवणानंतर: एकदाच उघडलं.

संध्याकाळी: अफ्राला दाखवायला उघडलं. ते धरत नाही.

१७ डिसेंबर
थोडा वास येतोय. ओळखीचा वास आहे. घरच्या वस्तूला घरचा वास यायचाच.

२० डिसेंबर
अफ्राला चाखवली. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, तृप्त झाली. म्हणाली, "बुर्गी, ही डुकराच्या मांसावर ओत. पिऊ नकोस." रक्तदाबाच्या गोळ्यांनी तिची जीभ गेली आहे, बिचारीची. मी पण घोटभर घेतला. मुरायला हवी अजून.

लेनी तिकडे सगळ्यांना सांगत सुटली आहे. क्विरीनला म्हणाली, "माझी आजी बढाया मारत नाही, करून दाखवते."

३ जानेवारी
मुरली. जास्तच.

दोन गावं पलीकडे जाऊन बिअरचा क्रेट आणला. कोंबडा छापच घेतली. दुसऱ्याची घेतली असती तर व्याह्यांना परकी लागली असती. ओळखीची चव लागली की माणूस खूश होतो. बाटल्या टबात भिजवल्या, लेबलं निघाली. लेबलांवरचे कोंबडे पाण्यावर तरंगत होते, बघवेना. झाकणांवरही कोंबडा आहे, पण झाकण बघतं कोण? स्वयंपाकघरात फोडायच्या आणि ग्लास भरून न्यायचे. हे फसवणं नव्हे. पाहुणचार आहे.

६ जानेवारी
आले. एमेरामची बायको गप्पिष्ट, आमचं लगेच जमलं, तिलाही गुडघ्यांचा त्रास. सॉसेज गरम, मोहरीची गोड चटणी, प्रेट्झलचे पाव; पांढरं सॉसेज दुपारी खात नाहीत, म्हणून चर्चची बाराची घंटा व्हायच्या आत सगळं पानात. मी ग्लास आणायला उठले तर एमेराम मागोमाग स्वयंपाकघरात. म्हणाले, "आजीबाई, गव्हाची बिअर ज्यानं त्यानं स्वतः ओतायची असते. द्या इकडे."

मी ओपनर मागे लपवला. त्यांच्या खिशात त्यांचा होता.

झाकण उडालं. त्यांनी झेललं, बघितलं, मुठीत घेतलं. ग्लास तिरका धरून ओतली, शेवटचा घोट बाटलीत घोळवून गाळासकट वर सोडला. किती मायेनं. मला वाटलं, जमीन फाटावी.

टेबलावर लेनी पुढे वाकून विचारते, "कशी झालीय?" तिचं तोंड लहानपणी दिसायचं तसं.

एमेराम म्हणाले, "उत्तम. अगदी आमच्यासारखी."

लेनीनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "आता बरणी दाखव ना, आजी!" आणि त्यांना घेऊन तळघरात गेलीसुद्धा. मी जिन्यावरच थांबले. खाली झाकण उघडल्याचा आवाज. मग एमेरामांचा खोकला.

वर आले तेव्हा लेनी माझ्याकडे बघत नव्हती. तिनंही चाखली होती. ती ग्लास विसळत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघताना एमेरामांनी माझा हात हातात घेतला. हळूच म्हणाले, "माझी पहिली बिअर बापानं डुकरांना घातली होती. डुकरांनीही तोंड फिरवलं. ती बरणी कोबीलाच ठेवा. मी भांडं आणतो. तुम्ही, मी आणि लेनी, तिघं मिळून करू. लग्नात तीच पाजायची."

ते गेल्यावर मी माझी मूठ उघडली. आत झाकण. कोंबडा माझ्याकडेच बघत होता.

लेनीला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "हो, आजी." आणि ग्लास पुसायला फडकं माझ्या हातात दिलं.

मेणबत्त्यांच्या सणाला येतो म्हणाले. दोन फेब्रुवारी, मंगळवार.