माझं आम्ल मला परत हवं

२ नोव्हें.
मार्केटमध्ये डाव्या पायातली चप्पल निसटली. मला कळलंच नाही. भाजीवाल्याने हाक मारली, "आंटीजी, चप्पल तो लेते जाओ." वळून पाहिलं तर ती पार बटाट्यांच्या ढिगापाशी. अनवाणी पाय फरशीवर, आणि फरशी गार की गरम, काही पत्ता नाही.
पायांत मुंग्या उन्हाळ्यापासून आहेत. मी वय म्हणत होते, माझा नवरा श्रीकांत चपला म्हणत होता. आता डॉक्टर.

६ नोव्हें.
पंचकुल्याचे डॉक्टर. तरुण, पण घाई नाही. बी-१२ अगदी तळाला. आपण शाकाहारी, हे एक कारण. दुसरं त्यांनी माझ्या गोळ्यांच्या पिशवीतून काढलं. ॲसिडिटीची गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी.
"ये किसने शुरू की?"
मी श्रीकांतकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. भोपाळ? नाही, जबलपूर. श्रीकांतच्या बदलीचं सामान बांधताना माझी कंबर धरली होती. दुखण्याच्या गोळ्या पोटाला लागू नयेत म्हणून ही जोडीला, तेवढ्यापुरती. पुढे प्रत्येक गावी सरकारी डिस्पेन्सरीतल्या नव्या डॉक्टरने जुन्याचं पाहून "चालू ठेवा" लिहिलं. फ्रिज, शिलाई मशीन, गोळी. सगळं ट्रकबरोबर आलं. कंबर केव्हाच बरी झाली होती.
अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं ॲसिडच लागतं म्हणे. खाण्यातले जंतूही तेच मारतं. आणि मी इतकी वर्षं ते रोज सकाळी उठून विझवत होते.
इंजेक्शनं सुरू. मागे पोटात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा व्रण नव्हता, म्हणून गोळी सोडता येईल, पण हळूहळू. दाबून ठेवलेलं ॲसिड आधी उसळतं, काही आठवडे जळेल, असं बजावलं. ज्यांना खरंच लागते त्यांनी सोडायची नाही, हेही. मला लागत नाही. सोडणार.

१५ नोव्हें.
गोळी एक दिवसाआड. जळजळ घशापर्यंत. शेजारच्या सेठीबाई वाटीभर सरसोंचा साग घेऊन आल्या. "भाभीजी, इत्ती सी गोली है, खा लो. मैं तो रोज़ लेती हूँ, फिर आराम से पराँठे." बाई प्रेमळ आहेत. साग ठेवून घेतला, सल्ला नाही.
वर्तमानपत्रासाठीचा शुक्रवारचा मजकूर उभ्याने लिहिला, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. बसलं की वर येतं. वेळेत गेला.

२१ नोव्हें.
श्रीकांत : तू हट्टाला पेटलीयस. इतकी वर्षं घेतलीस, काही झालं का?
मी : पाय झाले.
आमची मुलगी ईशा आतल्या खोलीतून, "बाबा, आई को छेड़ो मत. वो डेडलाइन मोड में है."
मराठीत बोल म्हटलं तर म्हणे, "मराठीत पण हेच आहे."
तो घाबरलाय, रागावलेला नाही. मला कळतं. तरी गोळी नाही.

२८ नोव्हें.
बी.पी.च्या गोळ्यांसाठी डिस्पेन्सरी. डॉक्टर नुकतेच बदलून आलेले. जुनं पाहून भराभर लिहीत सुटले, ॲसिडिटीचीही.
"ये काट दीजिए."
"चल तो रही है, मॅडम."
"चल रही थी."
"रख लीजिए ना. कभी काम आएगी."
मागे रांग कुरकुरायला लागली. श्रीकांतने कोपराने ढोसलं. मी स्टुलावरून हलले नाही. शेवटी त्यांनी रेघ मारली. मी उठल्यावर हळूच म्हणाले, "शुरू में बहुत जला क्या?" त्यांच्या ड्रॉवरमध्ये त्याच गोळ्यांची पट्टी.
म्हटलं, बहुत. पहले अपने डॉक्टर से पूछिए.

९ डिसें.
गोळी पूर्ण बंद. काल राजमा खाल्ला, माझीच हौस. छातीत निखारे. डॉक्टरांनी परवानगी दिलेलं पातळ औषध घेतलं, उन्हात जाऊन बसले. श्रीकांत पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आला. गोळी त्याच्या तळहातावर परत ठेवली. पाणी प्यायले.
तो शेजारी बसला. गोळी खिशात टाकली असावी.

१४ डिसें.
जळजळ ओसरतेय. सलग तीन जेवणं मुकाट जिरली. भूकही वेगळी लागते, खणखणीत. पाय तसेच. त्याबद्दल आज लिहीत नाही.

१८ डिसें.
धुकं. झिरकपूरकडचा रस्ता टाळून पंचकुल्याला, तरी उशीर. रक्तातलं बी-१२ छान वर आलंय. "नसों का पता नहीं, मॅडम. कुछ लौटती हैं, कुछ नहीं." डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बरं वाटलं.
डोळे मिटायला लावले. वाजवलेला ट्यूनिंग फोर्क, तो थरथरणारा धातूचा चिमटा, घोट्यावर टेकवला. थरथर कळली की सांगायचं. उजवा पाय : लगेच कळली.
डावा. काही नाही. मग काहीतरी, की नुसतं मला हवं म्हणून? श्रीकांत खुर्चीतून हळू म्हणाला, "हो म्हण ना." म्हटलं नाही. खोटं "हो" मला नको होतं.
डॉक्टर फोर्क उचलायला लागले.
"रुकिए," म्हटलं. "अभी मत हटाइए."