काडीवाला डॉक्टर

रविवार, १४ जून

चि. बबडीस,
दादाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच.

तुझं पत्र मिळालं. जावईबापूंना, तुझ्या यजमानांना, तिकडच्या कारखान्याच्या गेटवर बसवलं हे वाचून बरं वाटलं, असं लिहायला हवं. पण नाही वाटलं. इथे आमच्याकडे लेथवर नुसत्या नजरेनं केसाएवढं माप सांगणारा माणूस आता गाड्यांचे नंबर लिहितो, आणि ते चुकतात म्हणून बोलणी खातो. पैशावाचून पोरीचं कॉलेज सुटलं, हेही तू एका ओळीत उरकलंस.

वर लिहितेस, तू त्यांना रोज ऐकवतेस की दादा सांगून थकला, पण तुम्ही कामावर सुरक्षेचा चष्मा घातला नाहीत. बबडे, दादानं कधी सांगितलंच नाही. मी त्यांचा फोरमन, चष्मे माझ्याच कपाटात, कुलपात. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी वाटायचे, संध्याकाळी पुसून परत ठेवायचे. एरवी कुणी मागितला तर "नवरदेव आहेस का?" म्हणून मीच हसायचो.

एवढं इथल्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. डोळा खरा कशानं गेला, ते फक्त आम्हा दोघांना.

त्या दिवशी त्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. ते दवाखान्यात निघाले होते. मी म्हटलं, अर्धा दिवस कशाला बुडवता, बसा. सगळ्यांच्या डोळ्यातले कण मीच काढायचो, काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळून. हात हलका म्हणून मला डॉक्टर म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं. कापूस तेलकट होता. कण निघाला. मी तो नखावर घेऊन सगळ्यांना दाखवला. त्यांनी माझे आभार मानले गं.

चौथ्या दिवशी डोळा पिकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच आला असतात तर थेंबांवर भागलं असतं, हा खरवडला कुणी? मी शेजारीच उभा होतो.

"मीच चोळला," जावईबापू म्हणाले.

तेव्हापासून ते तुझं ऐकून घेताहेत, आणि मी तुझ्या पत्रातलं 'देवासारखा दादा' वाचत गप्प बसलोय. आठ महिने. स्वतःची किळस येते.

काल एकजण डोळा धरून माझ्याकडे आला. मी काडी मोडली, त्याला दवाखान्यात पाठवलं. सगळे हसले, डॉक्टर म्हातारा झाला म्हणून. कपाट आता उघडंच ठेवतो. पण चष्म्याला कुणी हात लावत नाही. हसायला मीच शिकवलंय ना.

हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. ते मधेच थांबवतील. थांबू नकोस. आणि आजपासून जे बोलायचं ते मला बोल.

तुझ्या नवऱ्याचा डोळा घालवणारा,
तुझाच सख्खा भाऊ