मेगास म्हणजे मोठा

धम्मदीप,

तुझ्या नावाआधी प्रिय लिहिणार नाही. तू लोकांचा पास्टर असशील, मी तुझी थोरली बहीण आहे.

रविवारी वसमतच्या प्रार्थनेला हैदराबादचे पाहुणे आले होते. आई सकाळपासून हॉल झाडून, सतरंज्या टाकून दारात उभी होती. पाहुण्यांनी विचारलं, "ये कौन हैं?" तू म्हणालास, "काम करनेवाली बाई है." आईनं ऐकलं. मीही ऐकलं.

मग तू माईकवर ग्रीक शब्द समजावलास. मेगास म्हणजे मोठा. बायबलात मोठं वादळ, मोठा ताप, कबरीवरचा मोठा दगड, सगळ्यांना हाच शब्द. जो सेवा करतो त्यालाही येशूनं हाच शब्द लावला, हे सांगताना तू छातीवर हात ठेवून डोळे मिटलेस. नाटकी आहेस तू. आई मागं बसून पदरानं डोळे पुसत होती.

घरी जाताना मी म्हणाले, "आई, आता तिथं झाडू मारायचा न्हाई."

"काहून?" ती म्हणाली. "मघाशी चुकलं पोरगं, पण मग माईकवर सगळ्यांसमोर माफी मागितली की त्यानं. माझ्यासाठीच बोलून राहिला होता तो."

तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. हे पत्र मिळालं तर लाजेनं का होईना, तू तिची माफी मागायला येशील. मग तिला कळेल, की रविवारी तू ती मागितलीच नव्हतीस. म्हणून हे पोस्टात टाकत नाही.

कमलबाईची लेक,
राणी